घर, संसार आणि रविवारची सहल: जुने मूक विनोदपट पाहायला सुरुवात कशी करावी

मूक चित्रपट म्हटलं की बहुतेकांना भरभर चालणारी, केक फेकणारी, पडणारी-आपटणारी माणसं आठवतात. दोन मिनिटं पाहून हसू आलं तर आलं, नाहीतर पुढे. ज्यांना खरोखर सुरुवात करायची आहे त्यांना मी नेहमी कौटुंबिक विनोदपटांकडे पाठवतो. नवरा, बायको, दोन मुलं, सासूबाई, नवी गाडी, रविवारची सहल. इथे काही समजावून सांगावं लागत नाही. सकाळी सातला निघायचं ठरवून साडेनऊपर्यंत दारातच असलेलं कुटुंब आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या लॉस एंजेलिसमधलं कुटुंबही तसंच निघतं.

मी ज्या क्रमाने हे चित्रपट पाहायला सांगतो, तोच क्रम इथे दिला आहे. घाई नको. आठवड्याला एक छोटा चित्रपट पुरे.

पायरी १: पन्नास सेकंदांपासून सुरुवात

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेत ल्युमिएर बंधूंनी, म्हणजे सिनेमाचा आरंभ ज्यांच्यापासून मानतात त्या दोन फ्रेंच भावांनी, तिकीट लावून जो खेळ केला, त्यात दहा छोटी चित्रं होती. त्यातली दोन आधी पाहा. एकात बागेला पाणी घालणारा माळी आहे. एक पोरगा त्याच्या नळीवर पाय ठेवतो, पाणी थांबतं, माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय काढतो. पडद्यावरच्या विनोदी गोष्टीची सुरुवात इथून मानतात. दुसऱ्यात ओग्युस्त ल्युमिएर आणि त्यांची बायको आपल्या तान्ह्या मुलीला बाहेर बागेत बसून खाऊ घालत आहेत. बस, इतकंच.

दोन्ही एकामागोमाग पाहा आणि मग पुन्हा पाहा. पहिल्या वेळी नजर माणसांवर असते. दुसऱ्या वेळी माळ्याच्या चित्रात चौकटीच्या कडेकडे बघा: पोरगा कुठून येतो, पळाल्यावर माळी त्याला ओढत पुन्हा कॅमेऱ्यासमोर का आणतो? कारण कॅमेरा हलत नाही. जे काही दाखवायचं ते त्या एका चौकटीतच घडवायचं आहे. पुढची तीस वर्षं विनोदी नट हेच करत राहिले, आणि तेच पाहायला डोळा तयार करायचा आहे. याच ल्युमिएरांच्या माणसाने ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात खेळ केला होता, तिकीट एक रुपया. आपल्याकडे हा पाहुणा तसा लवकरच आला.

पायरी २: वेग तपासा

हा भाग रूक्ष वाटेल, पण तो सोडू नका. मूक चित्रपट नकोसे वाटण्याचं सर्वांत मोठं कारण वेग हेच आहे.

त्या काळी कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवत. सेकंदाला सोळा चौकटी (चौकट म्हणजे इथे फिल्मवरचं एकेक सुटं चित्र), अठरा, वीस, जशी सवय आणि जसा प्रसंग. बोलपट आल्यावर आवाजासाठी वेग चोवीसवर पक्का झाला. आता हिशेब करा. एक रीळ म्हणजे साधारण १००० फूट फिल्म, एका फुटात १६ चौकटी, म्हणजे १६००० चौकटी. सेकंदाला सोळाने चालवलं तर साडेसोळा मिनिटांच्या आसपास, चोवीसने चालवलं तर अकरा मिनिटं. म्हणजे साडेसोळा मिनिटांचा संसार अकरा मिनिटांत कोंबला की माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी नाचायला लागतात. जुन्या टीव्ही प्रती अशाच होत्या, आणि त्याच अजून यूट्यूबवर फिरतात.

उपाय सोपा आहे. एकाच चित्रपटाच्या तीन-चार प्रती उघडा आणि त्यांची लांबी बघा. चित्र स्वच्छ असेल तर बहुतेक वेळा जास्त लांबीची प्रत घ्यावी. तशी मिळाली नाही तर सेटिंगमध्ये जाऊन वेग ०.७५ करा, आवाज बंद करा. नीट वेग ओळखायचा कसा? पळणाऱ्या माणसाकडे बघू नका, कारण पळापळीचे प्रसंग मुद्दाम सावकाश मूठ फिरवून टिपत, म्हणजे पडद्यावर ते वेगवान दिसत. खुर्चीत बसणाऱ्या किंवा चहाचा कप उचलणाऱ्या माणसाकडे बघा. तो माणसासारखा बसला की वेग ठीक आहे.

पायरी ३: पहिली सहल चॅप्लिनबरोबर

आता दोन रिळांचा चित्रपट घ्या: 'अ डेज प्लेझर', डिसेंबर १९१९. चॅप्लिन तेव्हा 'द किड' या आपल्या मोठ्या चित्रपटात गुंतला होता, वितरकांना काहीतरी हवं होतं, म्हणून मधल्या वेळात त्याने हा केला. समीक्षक याला चॅप्लिनच्या किरकोळ कामात धरतात. नवशिक्यासाठी मात्र मला याच्याइतका योग्य चित्रपट सापडलेला नाही, कारण यात गोष्टच नाही. एक कुटुंब सहलीला जातं आणि परत येतं. वडील चॅप्लिन, आई एडना पर्व्हियन्स, दोन मुलं. धाकटा म्हणजे जॅकी कूगन, 'द किड'मधला तोच मुलगा.

सुरुवातीची गाडी नीट बघा. फोर्ड आहे, हँडल मारून चालू करायची. हँडल मारलं की गाडी थरथरायला लागते, आत बसलेलं अख्खं कुटुंब थरथरतं, आणि चॅप्लिन चढून चाकामागे बसला की गाडी बंद. पुन्हा उतरायचं. इथे थांबा आणि बायको-मुलांचे चेहरे बघा. कोणी हसत नाही, कोणी चिडतही नाही. त्यांना हे रोजचं आहे. विनोद गाडीचा वाटतो, पण त्याला आधार त्या तीन शांत चेहऱ्यांचा आहे.

मग बोट. धक्का आणि बोट यांच्यात अंतर पडत जातं, एक धिप्पाड बाई मधे अडकते आणि चॅप्लिन तिच्या पाठीवरून पूल ओलांडावा तसा जातो. बोटीवर नाच, वाद्यवृंद, लाटा, आणि सगळ्यांना लागलेली बोट. याच भागात घडीच्या खुर्चीचा प्रसंग आहे. चित्रपट आवडला नाही तरी एवढा एक प्रसंग दोनदा पाहा. चॅप्लिन खुर्ची उघडायला जातो. ती उलटी उघडते. तो फिरवतो, पाय आत, पाठ खाली. तो तिच्यात शिरतो, ती त्याच्यात शिरते. शेवटी तो ती समुद्रात फेकून देतो. कॅमेरा जागेवरून हलत नाही, जवळ जात नाही, मधे कात्री लावत नाही. लबाडीला जागाच नाही. जे दिसतं ते त्या माणसाने खरोखर केलेलं आहे. मूक विनोदात चित्रचौकट दूर का ठेवतात याचं उत्तर इथे मिळतं: पायाच्या बोटापासून टोपीपर्यंत अख्खा माणूस दिसला पाहिजे. खुर्चीशी भांडण हातांनी होतं, पण ते हरल्याचं गुडघ्यांवरून कळतं.

परतीच्या वाटेवर चौकात पोलीस, वाहनांची कोंडी आणि रस्त्यावर सांडलेलं डांबर. पाय चिकटतात. दिवसभर मजा करायला म्हणून निघालेला माणूस शेवटी रस्त्यालाच चिकटतो. सहलीच्या विनोदाची सगळी गंमत मला इथे दिसते. आठवडाभर राबलेली माणसं एका दिवसाच्या सुखासाठी त्याहून जास्त राबतात, आणि पुढच्या रविवारी पुन्हा निघतात.

पायरी ४: शोधायचं कुठे

शोधताना चित्रपटाचं नाव इंग्रजीत टाका, सोबत साल आणि मुख्य नटाचं नाव जरूर टाका. सारख्या नावांचे चित्रपट पुष्कळ आहेत. इंटरनेट आर्काइव्ह आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं संकेतस्थळ इथे मोफत पाहता येतात. यूट्यूबवर तर ढीग आहे. भारतात चित्रपटाचा स्वामित्व हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं असतो, त्यामुळे या काळातले चित्रपट मुक्त आहेत. सोसायटीत किंवा शाळेत पडद्यावर दाखवायचे असतील तर एक लक्षात ठेवा: मागे वाजणारं संगीत अलीकडे रेकॉर्ड केलेलं असेल तर त्याचे हक्क वेगळे असतात. तेव्हा आवाज बंद करून आपलं संगीत लावणं बरं.

मिळालं नाही म्हणून निराश होऊ नका. लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी २०१३ मध्ये झालेल्या पाहणीनुसार अमेरिकेच्या पूर्ण लांबीच्या मूक चित्रपटांपैकी सुमारे ७० टक्के कायमचे गेले. त्या काळची नायट्रेट फिल्म पेट घेते, सडते, आणि बोलपट आल्यावर तिची किंमतही उरली नव्हती. आपल्याकडे तर अवस्था याहून वाईट. फाळक्यांनी पौराणिक चित्रपटांबरोबर 'पिठाचे पंजे' नावाचा छोटा विनोदी चित्रपट केला होता. घरगुती विनोदाचा आपल्या मातीतला तो आरंभ पाहायला मिळाला असता तर मी बाकी सगळं बाजूला ठेवून तोच पहिली पायरी केला असता.

पायरी ५: बस्टर कीटनची बोट

चॅप्लिननंतर लगेच त्याच काळातला दुसरा मोठा विनोदी नट कीटन पाहा, म्हणजे फरक कळेल. 'द बोट', १९२१, दोन रिळं. पुन्हा चौघांचंच कुटुंब: बस्टर, सिबिल सीली आणि बापासारख्याच चपट्या टोप्या घातलेले दोन मुलगे.

बस्टरने घरातच बोट बांधली आहे. दारापेक्षा ती मोठी झाली आहे. तो दार थोडं मोठं करतो आणि गाडीला दोर बांधून बोट ओढतो. बोट बाहेर येते आणि घर कोसळतं. कुटुंब पडलेल्या घराकडे बघतं आणि सहलीला निघतं! आता घरच उरलेलं नाही, तेव्हा सहल हाच संसार.

बोट पाण्यात सोडतानाचा प्रसंग पाहताना श्वास रोखला जातो. बस्टर डेकवर ताठ उभा, बोट उतारावरून सरकते, पाण्यात शिरते आणि न थांबता, न कलंडता, सरळ खाली जाते. तो तसाच उभा, पाणी गळ्यापर्यंत, मग फक्त टोपी. हे घडवणं सोपं नव्हतं. लाकडी बोट काही केल्या बुडेना, तेव्हा तळाशी नांगर टाकून, कप्पीतून दोर नेऊन ती पाण्याखाली ओढावी लागली, असं कीटनने पुढे सांगितलं आहे.

चॅप्लिन वस्तूंशी भांडतो, कीटन वस्तूंचा अभ्यास करतो. पॅनकेकचा प्रसंग घ्या. सिबिलने केलेले पॅनकेक इतके चिवट झालेत की दातांना दाद देत नाहीत. मन दुखवायचं नाही म्हणून नवरा आणि मुलं ते गुपचूप लपवतात. पुढे बोटीला भोक पडतं आणि बस्टर त्यावर ठिगळ म्हणून तोच पॅनकेक लावतो. एकाच वस्तूतून संसारातला संकोचही दिसतो आणि बिकट वेळची युक्तीही, आणि यासाठी एक शब्द लागलेला नाही. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा अशा वस्तूंचा माग काढा: पहिल्यांदा कधी दिसली, परत कधी आली. कीटनच्या चित्रपटात उगाच ठेवलेली वस्तू फार कमी सापडते.

बोटीचं नाव 'डॅमफिनो' आहे, तेवढं सुरुवातीलाच वाचून ठेवा. म्हणजे 'कुणास ठाऊक' याची इरसाल आवृत्ती. शेवटी अंधारात किनाऱ्याला लागल्यावर बायको विचारते, आपण कुठे आलो? बस्टरचं उत्तर पाटीवर (संवाद लिहून मधेच दाखवतात त्या चौकटीवर) येत नाही, त्याच्या ओठांवर वाचायचं असतं. संगणकावर पाहत असाल तर थांबवून पूर्णविरामाची कळ दाबा. यूट्यूब एकेक चौकट पुढे सरकवतं.

हा आवडला तर त्याच जोडीचा 'वन वीक' (१९२०) पाहा. नवविवाहितांना खोक्यांत भरलेलं सुट्या भागांचं घर आहेर मिळतं, आणि जळणारा प्रतिस्पर्धी खोक्यांवरचे आकडे बदलतो. पुढचं मी सांगणार नाही. रेल्वेरुळांचा प्रसंग येईल तेव्हा शेजारी बसलेल्याचा हात धरा.

पायरी ६: आता थोडं मागे

चॅप्लिन-कीटनच्या आधी काय होतं? इथे माणसं पडत नाहीत, भिंती कोसळत नाहीत, त्यामुळे आधी कंटाळा येतो. म्हणूनच मी हे सहाव्या पायरीवर ठेवलं.

जॉन बनी हा व्हायटाग्राफ कंपनीचा गोलमटोल, मोठ्या चेहऱ्याचा नट. त्याच्या जोडीला सडपातळ, टोकदार नाकाची फ्लोरा फिंच. 'अ क्युअर फॉर पोकरायटिस' (१९१२) एका रिळाचा आहे. नवऱ्याला पत्त्यांचं व्यसन, बायकोला दिलेलं वचन मोडून तो दर आठवड्याला सभेला जातो असं सांगून खेळायला जातो. झोपेत बडबडतो आणि पकडला जातो. मग बायकोच्या नात्यातला तरुण आपल्या बायबल वर्गातल्या मित्रांना पोलिसांचे कपडे घालून अड्ड्यावर धाड घालतो. इथे बघायचं ते बनीचं तोंड. खोटं बोलताना, पकडल्यावर, झोपेत. १९१५ मध्ये बनी वारला तेव्हा तो जगभर ओळखीचा चेहरा होता; आज त्याचं नाव फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अॅलिस गी-ब्लाशे यांचा 'अ हाउस डिव्हायडेड' (१९१३) तर चुकवूच नका. चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या त्या पहिल्या स्त्रियांपैकी एक, आणि न्यू जर्सीत स्वतःची सोलॅक्स कंपनी चालवणाऱ्या. नवरा-बायकोला एकमेकांचा संशय येतो. दोघं एकाच घरात राहायचं पण बोलायचं नाही असं ठरवतात, सगळा व्यवहार चिठ्ठ्यांवर. मूक चित्रपटातल्या माणसांनी अबोला धरायचा, ही कल्पनाच मला अजून थक्क करते. बहुतेक मूक चित्रपटांत पात्रं बोलतात आणि आपल्याला ऐकू येत नाही. इथे त्यांनाही ऐकू येत नाही.

सिडनी ड्रू आणि त्यांची पत्नी ल्युसील मॅकव्हे यांचे व्हायटाग्राफ आणि मेट्रो या कंपन्यांसाठीचे छोटे संसारपट सापडले तर जरूर पाहा. मध्यमवर्गीय, नीटनेटके, दिवाणखान्यात घडणारे. आरडाओरडा नाही.

पायरी ७: एकट्याने पाहू नका

हे चित्रपट मोबाइलवर, कानात बोंडं घालून पाहण्यासाठी केलेलेच नाहीत. विनोदी नट प्रेक्षकांच्या हशासाठी जागा सोडत. एकटं पाहताना ती जागा रिकामी वाटते आणि चित्रपट संथ भासतो. तीन-चार माणसं जमवा, टीव्हीला जोडा.

मग एकाने पाट्या मोठ्याने वाचायच्या. थेट मराठीत, शब्दाला शब्द न लावता. जपानमध्ये हे काम करणारे बेन्शी पडद्याशेजारी उभे राहत आणि त्यांचं नाव नटांइतकं मोठं असे. आपल्याकडच्या तंबूतल्या सिनेमातही गोष्ट सांगणारा माणूस असायचा. घरात हे काम आजीला किंवा दहा वर्षांच्या नातवाला द्या. वाचणाऱ्याने आधी एकदा चित्रपट पाहिलेला असावा, म्हणजे विनोद घडायच्या आधी तो फुटत नाही. पाटी पडद्यावर जितकी राहते त्याच्या आत वाचून संपवायची, हा एकच नियम.

संगीताचंही तसंच. तयार संगीत बऱ्याचदा नुसतं चिकटवलेलं असतं, दुःखाच्या प्रसंगी उड्या मारणारा पियानो. घरात कोणी पेटी वाजवत असेल तर त्याला बसवा. आपल्याकडे मूकपटांना पेटी-तबल्याचीच साथ असे. फार वाजवू नका. माणूस पडायच्या आधी क्षणभर हात उचलला की पुरे.

पायरी ८: खटकेल ते

लहान मुलांना दाखवण्याआधी चित्रपट स्वतः पाहून घ्या. लाटणं घेऊन उभी असलेली बायको, जाडेपणावरचे विनोद, आणि सर्वांत वाईट म्हणजे कृष्णवर्णीय माणसांवरचे विनोद. 'अ डेज प्लेझर'मध्येही बोटीवरच्या वादकावरचा एक विनोद आहे जो आज गळी उतरत नाही. तो भाग गाळून दाखवावा असं माझं मत नाही. तिथे थांबावं आणि मुलांशी बोलावं. कुणाच्या हतबलतेवर हसायचं आणि कुणाच्या तोऱ्यावर, हे मुलांना लगेच कळतं.

पायरी ९: आता पूर्ण लांबीचा

इथवर आलात की त्याच काळातला तिसरा मोठा विनोदी नट हॅरोल्ड लॉइड याचा 'हॉट वॉटर' (१९२४) घ्या, साधारण तासाभराचा. सोडतीत जिंकलेली जिवंत टर्की आणि हातभर पुड्या घेऊन ट्राममधून घरी निघालेला नवरा. मग बायको, सासूबाई आणि दोन मेव्हण्यांसह नव्या कोऱ्या गाडीतून फेरफटका. टर्कीचा प्रसंग बघताना लॉइडकडे कमी आणि ट्राममधल्या इतर प्रवाशांकडे जास्त बघा. गर्दीच्या लोकलमधून वाढदिवसाचा केक नेणाऱ्याला ते चेहरे ओळखीचे वाटतील.

आणि त्यानंतर दिग्दर्शक यासुजिरो ओझूंचा १९३२ चा जपानी मूकपट, इंग्रजीत 'आय वॉज बॉर्न, बट…' या नावाने मिळणारा. शहराच्या कडेला राहायला आलेलं कुटुंब, दोन मुलगे. साहेबांच्या घरी हौशी कॅमेऱ्याने घेतलेली चित्रं दाखवली जातात आणि आपले करारी बाबा साहेबांसमोर माकडचेष्टा करतात हे मुलांना पडद्यावर दिसतं. मुलं घरी येऊन जाब विचारतात, मग जेवण सोडतात. पहिला अर्धा भाग पोटभर हसवतो. दुसऱ्या भागात मधे थांबवू नका, फोन बाजूला ठेवा, चहाला उठू नका.

कधी जिवंत वाद्यसाथीत पाहायची संधी मिळाली तर दवडू नका. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना तर ती दाराशीच आहे: तिथल्या नाइल्स भागात, जिथे १९१५ मध्ये चॅप्लिनने एसने या चित्रपट कंपनीसाठी काम केलं, तिथे मूकपटांचं संग्रहालय आहे आणि जुन्या छोट्या थिएटरात खेळ होतात. जाण्याआधी वेळापत्रक पाहून घ्या, आणि मुलांना पुढच्या रांगेत, वादकाचे हात दिसतील अशा बाजूला बसवा.